एकोणीस दिवस आधी

मे महिन्यातल्या सोलापूरच्या दुपारी खिशातला रुमालसुद्धा जड वाटतो. पारा ४२-४३ च्या घरात, सात रस्त्याला चिटपाखरू नाही, रिक्षावाले झाडाखाली आपापल्या सीटवर आडवे. अशा दुपारी तो पोरगा आमच्या लॅबमध्ये आला, तेव्हा त्याच्या अंगात दोन टी-शर्ट होते आणि वरून पूर्ण बाह्यांचं जॅकेट. मानेवरून घामाच्या धारा लागलेल्या.

"जॅकेट काढ की बे, चक्कर येऊन पडशील."

"नको दादा. अजून साइज नाही."

रक्त घ्यायला बाही वर करावीच लागली. दंडाला बांधायचा रबरी पट्टा धड एक फेराही बसेना. वय २३. पूर्व भागातला. वडील यंत्रमागावर टॉवेल काढतात, हा नव्या पेठेत मोबाइलच्या दुकानात. नाकातून दोनदा रक्त आलं म्हणून आला होता. संध्याकाळी रिपोर्ट निघाला: हिमोग्लोबिन १९.२, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण, ५७ टक्के. दोन्ही फार जास्त. पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी नमुना परत लावायला सांगितला. परत तेच. असे आकडे कुणाचे येतात हे मला चटकन कळतं, हे त्यांना माहीत आहे. २००४ साली मीही स्टेरॉइड, म्हणजे स्नायू वाढवणारी टेस्टोस्टेरॉनसारखी औषधं, घेतली होती.

मी पॉवरलिफ्टिंग करायचो. ७५ किलोचा गट. स्क्वॉट, बेंच, डेडलिफ्ट, प्रत्येकाला तीन संधी आणि तिन्हींची बेरीज. गोळ्या आणि इंजेक्शनं मिळून एक 'कोर्स' मी मारला, साधारण दहा आठवड्यांचा. लॅबमध्ये किंवा जिममध्ये कुणी पोरगं त्या वाटेवर दिसलं की मी त्याला बाजूला घेतो आणि माझी गोष्ट सांगतो. गेली वीस वर्षं तीच गोष्ट सांगत आलोय.

गोष्ट अशी. आई विड्या वळायची. दिवसाला हजार विड्या झाल्या की मजुरी हातात. वडिलांची गिरणी केव्हाच बंद पडली होती, ते एका गोदामावर रात्रपाळीचे वॉचमन. त्या घरात माझ्या खुराकासाठी म्हशीचं अर्धा लिटर दूध वेगळं यायचं. ते माझं, त्याला कुणी हात लावायचा नाही. एका संध्याकाळी धाकट्या भावानं त्यातलं भांडंभर दूध पिलं. तो १४ वर्षांचा, अंगात कणकण होती, आईनंच दिलं असावं. मी त्याला ढकललं. कपाळ लोखंडी कॉटच्या कोपऱ्यावर आदळलं. तीन टाके पडले.

पोरांना हे सांगून झालं की शेवटी मी म्हणायचो, "बघ, मी असा नव्हतो. त्या सुईनं माझं डोकं फिरवलं."

या पोराचा रिपोर्ट हातात आला त्या रात्री वाटलं, नुसतं तोंडानं सांगण्यापेक्षा याला वही दाखवावी. माझी तेव्हाची वही आहे. दोनशे पानी, खाकी कव्हर घातलेली. रोज किती वजन, ते किती वेळा उचललं, झोप किती, खाल्लं काय, सगळं त्यात. माळ्यावरच्या पेटीतून काढली, धूळ झटकली आणि ते पान शोधलं.

२४ डिसेंबर २००३, बुधवार. "धाकट्यानं दूध पिलं. त्याला लागलं, ३ टाके. दवाखान्यात वेळ गेला. स्क्वॉट झाला नाही. आठवडा वाया."

पुढची पानं उलटली. पहिलं इंजेक्शन कधी, तेही लिहिलेलं होतं. १२ जानेवारी २००४, सोमवार. "सुरू."

मी बोटांवर मोजलं. मग भिंतीवरचं कालनिर्णय समोर धरून पुन्हा मोजलं. एकोणीस दिवस. भावाला ढकललं तेव्हा माझ्या रक्तात त्या औषधाचा एक थेंबही नव्हता.

वीस वर्षं मी खोटं सांगत होतो असं मी म्हणणार नाही, कारण मला ते खरंच तसंच आठवत होतं. मनानं दोन पानांची जागा बदलून टाकली होती आणि मला पत्ताही लागू दिला नव्हता. पण त्या रात्री मी वही मिटू शकलो नाही. ढकलण्यापेक्षाही ते वाक्य टोचत राहिलं. सख्ख्या भावाच्या कपाळाला टाके पडलेत आणि लिहिणाऱ्याला दुःख कशाचं, तर स्क्वॉट चुकल्याचं.

तेव्हापासून एकच प्रश्न घेऊन वाचतोय. औषध माणसाला बदलतं, की विशिष्ट स्वभावाचा माणूसच औषधापर्यंत चालत जातो?

यावर संशोधन झालेलं आहे, आणि ते दोन्ही बाजूंनी बोलतं. स्टेरॉइड घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या वजन उचलणाऱ्यांची तुलना करणारे अभ्यास १९९० च्या दशकापासून आहेत. त्यांतल्या काहींत घेणाऱ्यांमध्ये आत्मप्रौढी जास्त आणि दुसऱ्याचं दुःख समजण्याची कुवत कमी आढळली. पण मोजमाप होतं ते माणूस घ्यायला लागल्यानंतर. आमच्या धंद्यात हे रोजचंच आहे. एका वेळच्या रक्तात साखर वाढलेली दिसते, पण ती कधीपासून वाढली हे त्या नमुन्यात दिसत नाही. त्यासाठी एचबीएवनसी करावी लागते, ती मागच्या तीन महिन्यांचा अंदाज देते. स्वभावाची अशी तपासणी नाही. माझ्याकडे योगायोगानं वही होती.

औषधाचा स्वतःचा असर किती, हे पाहायला शास्त्रज्ञांनी ते मुद्दाम देऊनही पाहिलं. १९९६ साली शलेंदर भसीन यांच्या गटानं ४३ पुरुषांवर अभ्यास केला. काहींना दहा आठवडे दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन, काहींना नुसतं तेल, आणि यातल्या कुणाला औषध चालू आहे हे त्यांना ठाऊक नाही. ज्यांनी व्यायाम न करता औषध घेतलं, त्यांचेही स्नायू वाढले. व्यायाम आणि औषध दोन्ही असलेल्यांचे सगळ्यांत जास्त, सरासरी सहा किलोंच्या वर. याचा अर्थ औषध काम करतं. पोरांना "त्यानं काही होत नाही, नुसतं पाणी भरतं" असं सांगणारे गुरुजी त्यांचा विश्वास एका वाक्यात गमावतात, कारण पोरं आरशात बघत असतात. पण याच अभ्यासात राग किंवा वागण्यात फरक दिसला नाही. पुढे २००० साली मानसोपचारतज्ज्ञ हॅरिसन पोप आणि सहकाऱ्यांनी मनावरचाच परिणाम तपासला. ६०० मिलिग्रॅमपर्यंत पोहोचलेल्या ५० जणांपैकी ४२ जणांत फारसं काही झालं नाही, ६ जणांत सौम्य उन्माद दिसला, आणि २ जणांत ठळक. ते दोन जण विसरण्यासारखे नाहीत. जिममध्ये लोक प्रयोगशाळेपेक्षा कितीतरी जास्त घेतात, दोन-तीन औषधं एकत्र घेतात, म्हणून तिथे ते दोघांचे कितीजण होत असतील कोण जाणे. तरीही बहुतेकांच्या बाबतीत "सुईनं डोकं फिरवलं" एवढ्यावर भागत नाही.

पोप यांच्याच गटानं २०१२ मध्ये २३३ वजन उचलणाऱ्यांना त्यांच्या लहानपणाबद्दल विचारलं. पुढे स्टेरॉइडकडे वळलेल्यांत दोन खुणा जास्त सापडल्या: कोवळ्या वयापासून स्वतःच्या अंगाबद्दल असमाधान, आणि शाळकरी वयातला बेबंदपणा, म्हणजे मारामाऱ्या, नियम मोडणं. माझ्यात दुसरं अजिबात नव्हतं. मी पहिल्या बाकावरचा. पहिलं मात्र भरपूर.

वहीत मी एक शब्द मोजला. 'कमी'. "१६० निघालं, कमी." "झोप कमी." "दंड १४, कमी." पहिल्या सुईच्या आधीच्या पानांत तो शब्द ६१ वेळा आलाय. ज्या दिवशी स्वतःचा विक्रम झाला त्या दिवशीही आहे. पुढे मार्चमध्ये राज्य स्पर्धेत २०० किलो डेडलिफ्ट निघाली, त्या रात्रीची नोंद अशी: "२०० निघालं. २१० ला हात सुटला." आनंदाचं एक अक्षर नाही.

१९९३ साली पोप यांनी १०८ शरीरसौष्ठवपटूंचा अभ्यास केला, त्यातल्या ९ जणांना आपण भलेमोठे असूनही बारीक, दुबळे आहोत असं वाटत होतं. ते सैल कपडे घालत, समुद्रावर जाणं टाळत. पुढे या आजाराला 'मसल डिसमॉर्फिया' असं नाव मिळालं. आमच्याकडे समुद्र नाही. आमच्याकडे मे महिना आहे आणि जॅकेट आहे.

इथे एक सांगितलं पाहिजे, कारण याबद्दल लोकांचा फार गैरसमज आहे. गुंड, टवाळ पोरंच हे करतात असं आईवडिलांना वाटतं, आणि म्हणून आपल्या घरातल्या शहाण्या मुलाकडे त्यांचं लक्ष जात नाही. मी पाहिलेल्यांपैकी कितीतरी जण अतिशय शिस्तीचे होते. पहाटे साडेचारला उठणारे, दारू-मावा-गुटखा यांच्या वाऱ्याला न थांबणारे, उकडलेल्या अंड्यातला बलक बाजूला काढून मोजून पांढरं खाणारे. लग्नाच्या पंगतीत स्वतःचा डबा घेऊन बसणारे. हे कोर्ससुद्धा शिस्तीनं मारतात. वार ठरलेला, तक्ता केलेला, नंतरच्या 'पीसीटी'च्या, म्हणजे शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन परत सुरू व्हावं म्हणून घ्यायच्या, गोळ्या आधीच आणून ठेवलेल्या. सांगितलेलं निमूट ऐकणं, दुखणं सोसणं, आजच्या सुखावर पाणी सोडणं, हे गुण खेळाडूला मोठं करतात. प्रशिक्षक अशाच पोराला जीव लावतो. आणि कोणी भरवशाच्या माणसानं "आता पुढे जायचं तर हे लागेल" म्हटलं की हाच पोरगा सगळ्यांत आधी मान डोलावतो, कारण ऐकायची सवय त्याच्या हाडात आहे.

या औषधांचा खेळातला इतिहासही तेच सांगतो. १९५४ साली व्हिएन्नातल्या वेटलिफ्टिंगच्या जागतिक स्पर्धेत अमेरिकन संघाचे डॉक्टर जॉन झीगलर यांना सोव्हिएत खेळाडू टेस्टोस्टेरॉन घेतात असं कळलं. १९५८ मध्ये डायनाबॉल ही स्टेरॉइडची गोळी बाजारात आली आणि पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्कच्या वेटलिफ्टरांना झीगलर ती देऊ लागले. त्यांनी थोडक्या गोळ्या सांगितल्या होत्या. पोरांनी आपल्याच मनानं त्या कितीतरी पटींनी वाढवल्या. पुढे आपण हे सुरू केलं याचा झीगलर यांना मनापासून पश्चात्ताप झाला. १९७२ साली तर दोन संशोधकांनी वजन उचलणाऱ्या काही तरुणांना डायनाबॉल म्हणून साध्या, औषध नसलेल्या गोळ्या दिल्या, आणि त्या चार आठवड्यांत त्यांची ताकद आधीपेक्षा वेगानं वाढली. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसून होतो. त्यांच्या अंगात जी ताकद होती, ती वापरायला त्यांना कुणाची तरी परवानगी हवी होती.

आता औषधाच्या बाजूनं मी बोलतोय असं कुणी समजू नये. स्वभाव माझा आधीपासूनचा, पण पुढचं नुकसान त्या सुईचंच आहे. सोलापूरकराला ते गिरणीच्या भाषेत लवकर कळेल. बाहेरून तयार सूत गाड्या भरभरून यायला लागलं की गिरणी स्वतःचं सूतकताई खातं बंद करते. टेस्टोस्टेरॉन बाहेरून आलं की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी अंडकोशांना सांगते, थांबा, माल भरपूर आहे. कोर्स संपतो, गाड्या थांबतात, पण बंद पडलेलं खातं दुसऱ्या दिवशी सुरू होत नाही. कुणाचं काही महिन्यांनी होतं, कुणाचं धड होतच नाही. माझ्या वहीत मार्चअखेरीनंतर एप्रिल ते ऑगस्ट पानं कोरी आहेत. त्या पाच महिन्यांत मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचो एवढं आई सांगते. वजन उतरलं, दंड उतरला, आणि आपण कुणीच नाही ही भावना इतकी गच्च बसली की रेल्वे लाइनकडे पाय वळायचे. त्या उदासीचं कारण शरीरात होतं हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर निदान उपचार झाले असते.

आणि लॅबमध्ये बसल्यामुळे मी जे पाहतो, ते जिममध्ये कुणी पाहत नाही. लग्नाला तीन वर्षं झालेलं एक जोडपं. बायकोच्या सगळ्या तपासण्या आधी झालेल्या, सोनोग्राफी दोनदा, देवधर्म, उपास. सासू बरोबर असायची आणि सुनेशी बोलायची नाही. नवऱ्याची वीर्यतपासणी शेवटी झाली, तीही डॉक्टरांनी हट्ट धरला म्हणून. शुक्राणू शून्य. भरदार छातीचा तो तरुण रिपोर्ट हातात घेऊन कितीतरी वेळ उभा होता. "दादा, हे बरोबर आहे का?" बायको बाकावर बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. तीन वर्षं त्या मुलीनं ऐकून घेतलेलं कुठल्या कोर्सच्या हिशेबात धरायचं? स्टेरॉइडच्या दुष्परिणामांच्या यादीत यकृत असतं, हृदय असतं, चांगलं कोलेस्टेरॉल एचडीएल घसरतं हे असतं. ती बाकावरची बाई नसते.

हल्ली त्यात मेफेंटरमाइनची भर पडली आहे. हे स्टेरॉइड नव्हे. ऑपरेशनच्या वेळी भूल दिल्यावर रक्तदाब पडला तर तो चढवायचं इंजेक्शन आहे. पोरं ते जिमला जाण्याआधी टोचतात, दम टिकतो म्हणून. धडधाकट पोराच्या हृदयाला ते काय करत असेल याचा विचार केला तरी माझे हात गार पडतात.

कुणी म्हणेल, पूर्वीच्या तालमीत हे नव्हतं. मीही लहानपणी तालमीच्या लाल मातीत जोर-बैठका काढल्यात. वस्ताद "पुरे" म्हणाले की पुरे, हा मोठा आधार होता हे खरं. पण तालमीचं मी उगाच गोड चित्र काढणार नाही. तिथेही कच्च्या पोराला रगडायचे, आणि कुस्तीतही आज सुया पोहोचल्या आहेत. मला मनापासून वेगळं वाटतं ते गड्ड्याच्या यात्रेतलं. सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज निघतात, माडीच्या वर जाणाऱ्या त्या काठ्या, आणि पांढऱ्या बाराबंदीतला एकेक माणूस ती काठी उभी पेलतो. माझे एक काका पेलायचे. यात्रेआधी कित्येक दिवस सराव असतो. कमरेत, मांड्यांत, पाठीत ताकद लागते, आणि ताकदीपेक्षा तोल. थोडं अंतर गेलं की दुसरा पुढे येतो आणि आधीचा बाजूला होतो. मी काकांना एकदा विचारलं होतं, "काका, तुमच्यात सगळ्यात जास्त अंतर कुणी नेलं?" त्यांना प्रश्नच कळला नाही. "कुणी म्हणजे? काठी देवळात गेली की."

माझ्या वहीत असा एकही दिवस नाही.

भावाला फोन केला. तो पुण्याला असतो, आता तिशीच्या पलीकडे. एकोणीस दिवसांचं सगळं सांगितलं. म्हटलं, ते सुईमुळे नव्हतं, मीच होतो. तो जरा थांबला आणि म्हणाला, "मला माहीत होतं रे. तू इंजेक्शन कधी सुरू केलंस ते मी बघितलं होतं, गादीखाली. टाके तेव्हा निघाले होते." मग म्हणाला, "तू सगळ्यांना तसं सांगतोस, तर आईला बरं वाटायचं. म्हणून मी बोललो नाही."

बुधवारी संध्याकाळी दुकान बंद करून तो पोरगा रिपोर्ट न्यायला आला. मॅडमनी त्याला समोर बसवून सांगितलं, रक्त दाट झालंय, गुठळी होऊ शकते, आधी हृदयाच्या डॉक्टरांना दाखव, आणि जे चालू आहे ते त्यांच्यापासून लपवू नकोस. एकदम बंदही स्वतःच्या मनानं करू नकोस, त्यांच्या सल्ल्यानं कर. तो मान खाली घालून ऐकत होता. शिस्तीचा पोरगा.

बाहेर आल्यावर मी त्याला वही दिली. त्यानं २४ डिसेंबर वाचलं, १२ जानेवारी वाचलं, मधली पानं बोटानं मोजली. मी काही बोललो नाही. मग तो पुढची पानं उलटत मार्चपर्यंत गेला, २०० च्या नोंदीवर थांबला, आणि तिथून कोऱ्या पानांवर.

"दादा, तुम्ही थांबलात कसे?"

या प्रश्नाचं माझं एक ठरलेलं उत्तर होतं. आईचा चेहरा, देवाची शपथ, वगैरे. ते मी आजवर सांगितलेलं आहे आणि पोरांचे डोळे भरून येतानाही पाहिले आहेत. त्या संध्याकाळी ते तोंडातून निघेना.

"पैसे संपले," मी म्हटलं. "भिशीतून उचललेले होते. ते संपले."

तो बराच वेळ वहीकडे बघत राहिला.

"माझे अजून आहेत," तो म्हणाला.

लिपिड आणि हार्मोनच्या तपासण्या राहिल्या होत्या. मी त्याला सकाळी उपाशीपोटी यायला सांगितलं. वही घेऊन जाऊ का, म्हणाला. घेऊन जा म्हटलं.

गुरुवारी साडेसातला मी शटर वर करत होतो तर तो पायरीवर बसलेला. जॅकेट होतंच. वही पिशवीत. आत आला, खुर्चीवर बसला, आणि मी पट्टा हातात घ्यायच्या आधी त्यानं स्वतःच जॅकेट काढून मांडीवर ठेवलं. आतल्या टी-शर्टची बाही दंडावर करकचली होती. त्यानं आरशाकडे पाहिलं नाही. आमच्याकडे आरसा आहे, हात धुवायच्या भांड्यावर, खुर्चीच्या अगदी समोर.

"मूठ आवळ," मी म्हटलं.